सईच्या सायन्सच्या शिकवणीबद्दल

लेस्टर, इंग्लंड

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुमचा मेसेज वाचला. सईला दहावीसाठी सायन्सची शिकवणी लावायची आहे आणि साताऱ्यात इतक्या पाट्या दिसतात की कुठे जावं तेच ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंत. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दादा, तू घाईत वाचू नकोस, आणि सईलाही वाचायला दे. शिकायचं तिला आहे.

मास्तर शोधायला बाहेर पडण्याआधी घरात एक काम करा. सईचे नववीचे तपासलेले सायन्सचे पेपर शाळेतून मागून घ्या. मूळ पेपर देत नसतील तर फोटो काढून आणा. मग तिला शेजारी बसवून, गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे तो का गेला ते पेन्सिलने लिहा. मुळात समजलंच नव्हतं, समजलं होतं पण आठवलं नाही, आठवलं पण मुद्देसूद लिहिता आलं नाही, गणितात चिन्ह किंवा एकक चुकलं, आकृतीला नावं दिली नाहीत, वेळ पुरला नाही. यातलं नेमकं कारण सईला माहीत असतं, फक्त रागावून विचारू नका. शेवटी बेरीज करा. बरेचसे मार्क लिहिण्यात किंवा वेळेत गेले असतील, तर महागडी शिकवणी लावून उपयोग नाही. आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून लिहायचा आणि पाठ्यपुस्तक उघडून स्वतः तपासायचा, एवढ्याने पुष्कळ सुधारणा होते. पण ‘समजलंच नव्हतं’ हे कारण पुन्हा पुन्हा आलं, तर समोर बसून शिकवणारं माणूस हवं. आणि कुठल्या धड्यांत हवं तेही त्याच कागदावर दिसेल. हा कागद जपून ठेवा, येणाऱ्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी दाखवायचा आहे.

पेपरचा हिशोबही डोक्यात असू द्या. बोर्डाला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे भाग १ आणि भाग २ असे दोन पेपर असतात. प्रत्येक ४० मार्कांचा आणि दोन तासांचा, आणि वर प्रात्यक्षिकाचे २० मार्क. म्हणजे भिंगं, उष्णता, धातुविज्ञान यांना जेवढं वजन, तेवढंच आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया आणि पेशीविज्ञानाला. इथेच बहुतेक शिकवण्या फसतात. सायन्स शिकवणारे पुष्कळ जण फिजिक्स-केमिस्ट्रीचे किंवा इंजिनिअरिंगचे असतात. त्यांचा भाग १ चांगला होतो आणि भाग २ ‘तो तू घरी वाच, सोपा आहे’ म्हणून राहून जातो. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: भाग २ तुम्हीच शिकवता का, आणि वर्षात त्याला किती तास देता? उत्तर गोलमोल आलं तर दोन वेगळे शिक्षक चालतील. भाग २ साठी बी.एस्सी. झुऑलॉजी किंवा बॉटनी केलेली एखादी मुलगी आठवड्याला एक तास आली तरी पुरे.

शोधायचं कुठे? मोठ्या जाहिरातीपेक्षा, गेल्या वर्षी दहावी झालेल्या मुलांच्या आयांना विचारा. त्यातही ९५ टक्केवाल्यांच्या आईला नको, कारण त्या मुलाला कुणीही शिकवलं असतं तरी मार्क पडलेच असते. ५५ वरून ७५ वर आलेलं मूल शोधा आणि त्याला कुणी शिकवलं ते विचारा. दुसरी जागा म्हणजे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथल्या विभागात जाऊन एम.एस्सी. करणाऱ्यांपैकी कुणी शिकवण्या घेतं का ते विचारा. त्यांचं वय सईच्या जवळचं असतं, त्यामुळे ती न लाजता शंका विचारेल. फक्त त्यांच्या सेमिस्टर परीक्षांच्या काळात खाडे होतात, तेव्हा त्या तारखा आधीच विचारून ठेवा. तिसरे, निवृत्त शिक्षक. त्यांना पेपर तपासण्याचा अनुभव असतो, तीन मार्कांच्या उत्तरात किती मुद्दे लागतात हे ते नेमकं सांगतात. मात्र आताचं पाठ्यपुस्तक त्यांनी शिकवलेलं आहे ना, एवढं बघून घ्या.

सईच्या शाळेतल्याच सरांना मात्र विचारू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. शिवाय प्रात्यक्षिकाचे मार्क शाळेच्या हातात असतात. त्यात पैशाचा व्यवहार आला की सगळ्यांचीच अडचण होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी फी विचारू नका, आधी एक तास शिकवून दाखवायला सांगा. त्या तासाचे पैसे द्या, फुकट मागू नका. तुमच्यापैकी एकाने त्याच खोलीत लांब बसून ऐका. विषय तुम्हाला कळला नाही तरी चालेल, कोण किती बोलतंय एवढंच बघा. तासभर सर बोलले आणि सईने मान हलवली, तर ते व्याख्यान झालं, शिकवणी नाही.

त्या तासासाठी हे गणित द्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी आहे, वस्तू ३० सेंमीवर ठेवली, तर प्रतिमा कुठे? सूत्र असं: एक छेद प्रतिमेचं अंतर, वजा एक छेद वस्तूचं अंतर, बरोबर एक छेद नाभीय अंतर. वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्यामुळे तिचं अंतर उणे ३० घ्यायचं असतं. तसं घेतलं की प्रतिमा ६० सेंमीवर येते, उलटी आणि दुप्पट मोठी. पण पुष्कळ मुलं अधिक ३० घेतात आणि उत्तर १२ सेंमी काढतात. सईनेही तसंच केलं तर समोरचा शिक्षक काय करतो ते नीट बघा. ‘अगं, चिन्ह चुकलं, उणे घे’ म्हणून खोडून पुढे गेला, तर ती पुढच्या गणितात पुन्हा तीच चूक करणार. चांगला शिक्षक म्हणेल, ‘बरं, १२ आलं. आता किरणाकृती काढ.’ वस्तू २० आणि ४० च्या मध्ये आहे, म्हणजे नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये. अशा वेळी प्रतिमा पलीकडे ४० च्याही पुढे पडते, हे आकृतीत तिला स्वतःला दिसेल. मग १२ शक्यच नाही, हे तीच म्हणेल आणि चूक शोधायला मागे जाईल. या दहा मिनिटांवरून मी शिक्षक निवडीन. उत्तर आल्यावर ‘हे खरं असू शकतं का’ असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली, तर दहावीतच काय, पुढे अकरावी-बारावीलाही ती उपयोगी पडेल.

केमिस्ट्रीची अशीच एक खूण आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी बनण्याचं समीकरण संतुलित करायला सांगा. काही मुलं ऑक्सिजनचा हिशोब जुळवायला पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनपुढे छोटा दोन लिहितात. हिशोब जुळतो, पण पदार्थ पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. शिक्षकाने हे तिच्या लक्षात आणून दिलं पाहिजे: रेणूच्या आतले आकडे बदलायचे नसतात, रेणूंची संख्या बदलायची असते. नुसतं ‘दोन, एक, दोन’ असं पाठ करून घेतलं, तर पुढच्या समीकरणाला ती पुन्हा अडकणार. भाग २ साठी श्वसनाचा धडा घ्या. पुस्तक मिटून, ग्लुकोजपासून ऊर्जेपर्यंतचा ओघतक्ता तिला कोऱ्या कागदावर काढायला लावतात, की पुस्तक वाचून महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून देतात? रेघा मारणारे शिक्षक नकोत.

प्रयोगाची थोडी आवड असलेला शिक्षक मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. सामान फार लागत नाही: १० सेंमी नाभीय अंतराचं एक बहिर्वक्र भिंग, दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, एक छोटं होकायंत्र, मीटरभर तांब्याची तार. ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलेला प्रयोग यात घरी होतो: तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते. तो फसण्याची कारणं दोन. वार्निशवाल्या तारेची टोकं पॉलिश पेपरने घासली नाहीत, तर वीज वाहतच नाही. दुसरं म्हणजे तार सुईच्या वरून दक्षिणोत्तर, सुईला समांतर धरावी लागते. पूर्व-पश्चिम धरली तर तारेखालचं चुंबकीय क्षेत्र सुईच्याच रेषेत येतं, म्हणून सुई बाजूला वळत नाही आणि मुलांना वाटतं प्रयोगच खोटा. आणि जोडणी दोन-तीन सेकंदांच्या वर ठेवू नका, तार आणि सेल तापतात. प्रयोग का फसला हे शिक्षकाला समजावून सांगता आलं, तर सईचा तो धडा पक्का झालाच म्हणून समजा.

तास किती? आठवड्याला दीड तासाचे दोन पुरे. रोज शिकवणी लावली तर स्वतः अभ्यास करायला तिला वेळ उरणार नाही. एकटीला परवडत नसेल तर तीन-चार मुलींचा गट करा, पण त्या साधारण एकाच पातळीच्या असाव्यात. १५-२० मुलांच्या बॅचला ‘पर्सनल अटेन्शन’ म्हणत असतील तर विश्वास ठेवू नका. तिथे वही तपासायलाही वेळ पुरत नाही.

फीची तुलना महिन्यावर करू नका, तासावर करा. एक जण महिन्याला ४,००० घेऊन १२ तास देतो, दुसरा ३,००० घेऊन ८ तास. तासाला पहिला ३३३ ला पडतो आणि दुसरा ३७५ ला, म्हणजे स्वस्त वाटणाराच महाग आहे. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याच्या महिन्याला द्या. खाडा त्यांच्याकडून झाला तर तास भरून मिळेल का, सई आजारी पडली तर काय, हे आधीच बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा. मोठ्या क्लासचा विचार असेल, तर केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना लक्षात असू द्या. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासने मार्कांची हमी देऊ नये, आणि मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं त्यात म्हटलं आहे. घरगुती शिकवणीला हे लागू नाही, म्हणून तिथे महिन्याचीच फी बरी.

वहिनी, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लिहिते. शिकवणी घरच्या बाहेरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. त्यांच्या घरी जायचं असेल तर घरात इतर माणसं असायला हवीत, आणि निदान एक मैत्रीण बरोबर. इथे पालक शिकवणाऱ्याकडे गुन्ह्यांची नोंद तपासल्याचा दाखला सर्रास मागतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तुम्ही निदान आधी शिकवलेल्या दोन घरांचे नंबर मागा आणि खरंच फोन करा. सरांनी सईला रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, तुम्ही असलेल्या ग्रुपवरच बोलायचं, हेही पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा. चांगल्या शिक्षकाला त्यात काही वावगं वाटणार नाही.

सहा आठवड्यांनी बघायचं ते मार्कांकडे नाही, इतक्यात मार्क हलत नाहीत. तिची वही उघडा. उत्तरं सरांच्या शब्दांत उतरवलेली आहेत की तिच्या? चुकलेलं गणित तिने खाली पुन्हा सोडवलंय का? मग एखादा शिकवून झालेला धडा तिच्या आजीला, म्हणजे आपल्या आईला, समजावून सांगायला लावा. आई मध्ये मध्ये ‘म्हणजे काय गं?’ विचारेलच, आणि सई कुठे अडते ते तुम्हाला कळेल. शाळेचा गृहपाठ सरांकडून करून घेणं चालू झालं असेल तर लगेच थांबवा. मूल खूश, सर खूश, पण परीक्षेत तिला एकटीलाच लिहायचं असतं. अपेक्षित प्रश्नांचे संच ऑगस्टपासून पाठ करायला लावणारे सरही नकोत. ते संच जानेवारीत, सरावाला.

काही खर्च न करता मिळणारंही पुष्कळ आहे. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतात. कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ नावाचे संगणकावरचे प्रयोग फुकट आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. शिकवणी मिळेपर्यंत तिने विद्युतधारेचा धडा त्यावर करून बघावा.

पेपरांचे फोटो काढलेत की मला पाठवा, त्या पेन्सिलच्या खुणांसकट. कुठल्या धड्यांपासून सुरुवात करायची ते मी लिहून कळवीन. आणि दोन-तीन शिक्षकांचा एकेक तास झाला की, ‘१२ सेंमी’वर कोण काय म्हणालं तेवढं जरूर सांगा.

आई-बाबांना सा. न., सईला अनेक आशीर्वाद.

तुमची,
सुमा