किल्ली घरातच राहू द्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलायला गेलं की बाबा "जेवलीस का" म्हणून विषय बदलतात आणि आईला नेमकं तेव्हाच देवळात जायचं असतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावा, पंख्याखाली बसा आणि शेवटपर्यंत वाचा. मध्येच घडी घालून ठेवू नका.

आधी ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिता यायचं नाही. बँकेने थकलेल्या कर्जापायी आपलं घर ताब्यात घेऊ नये म्हणून मी अर्ज केलाय. ११ जुलैला, कर्ज वसुली न्यायाधिकरणात, आईच्या सहीने. तुम्ही दूध आणायला खाली गेला होतात तेव्हा तिने वकीलपत्रावर सही केली. घर दोघांच्या नावावर आहे आणि कर्जाच्या कागदांवरही ती आहे, त्यामुळे तिला अर्ज करता येतो. तिच्यावर रागवायचं नाही. सही करताना तिचा हात थरथरत होता. नंतर म्हणाली, "ह्यांना कळलं तर जेवायचे नाहीत." म्हणून तुमचं जेवण झाल्यावरच हे पत्र द्यायला सांगितलंय.

मी थांबले असते, बाबा. तुम्हाला समजावून, तुमच्या मनासारखं झाल्यावर केलं असतं. पण दिवस मोजलेले होते. बँकेची ताब्याची नोटीस दारावर लागली २ जूनला. तिथपासून ४५ दिवसांत दाद मागावी लागते, म्हणजे १७ जुलैपर्यंत. तुम्ही तर जूनभर एकच वाक्य बोलत होतात, "अब्रू जायच्या आत किल्ली देऊन गावी जाऊ." तुमच्याशी वाद घालत बसले असते तर ती तारीख गेली असती.

ती नोटीस तुम्ही पहाटे पाणी लावून, सुरीने खरवडून काढलीत, हे मला आईने सांगितलं. दारावर डिंकाचा डाग राहिलाय, तो मी आले तेव्हा पाहिला आणि काही बोलले नाही. त्या कागदाचे तुकडे टाकले नसतील तर मला द्या. पेपरात आलेली जाहिरात मी कापून ठेवली आहे. तीत काय लिहिलंय ते नीट वाचलंत का? "सांकेतिक कब्जा." म्हणजे बँकेने कागदावर ताबा घेतला. घरात तुम्ही आहात, तुमची भांडी आहेत, देव आहेत. राहत्या माणसांना बाहेर काढायचं तर बँकेला आधी मॅजिस्ट्रेटकडे शपथपत्रासह अर्ज करावा लागतो, आदेश मिळवावा लागतो, आणि मग कोर्टाने नेमलेला माणूस येतो. तो मधला सगळा रस्ता बँकेला वाचतो कधी, तर आपण आपल्या हाताने किल्ली दिली तर. तुम्ही जी अब्रू वाचवायला निघाला होतात ना, तिच्यापायी ह्या वयात घर सोडून मोकळे झाला असतात.

तो जो माणूस जूनमध्ये दोनदा आला आणि "आजोबा, दोन दिवसांत रिकामं करा" म्हणाला, त्याला तसं म्हणायचा काही अधिकार नव्हता. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने लिहून ठेवलंय. आणि तो रात्री साडेआठला आला होता. तुम्ही त्याला पाणी दिलंत, खुर्ची दिलीत. ते तुम्ही द्यालच, त्यात बदल करा असं मी म्हणत नाही. पण त्याने पुढे केलेल्या कागदावर सही करायची नाही. त्यात "ताबा स्वखुशीने देत आहोत" असं काहीतरी असतं.

आता तुमच्या पत्राबद्दल. मार्चमध्ये तुम्ही बँकेला दोन पानी पत्र लिहिलंत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. फेब्रुवारीतली ती साठ दिवसांची नोटीस, "साठ दिवसांत कर्ज फेडा" म्हणणारी, तुम्ही कपाटात, माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवली होती, आणि तिच्यामागे तुमच्या पत्राची झेरॉक्स आणि रजिस्टरची पोचपावती टाचलेली. मी ते पत्र लोकलमध्ये उभ्याने वाचलं. हप्ते का थकले, पेन्शन किती येते, एकरकमी किती भरता येईल, सहा महिने मुदत द्यावी. एका शब्दाची खाडाखोड नाही. विक्रोळी गेलं, कांजूर गेलं, मला कळलं नाही.

तुम्ही म्हणालात, "त्याला कोण विचारतंय, उत्तरसुद्धा आलं नाही." बाबा, उत्तर आलं नाही हाच तर आपला मुद्दा आहे! वकीलबाईंनी ती पावती दोनदा उलटसुलट करून पाहिली. बँका थकलेल्या कर्जासाठी तारण घर ताब्यात घेतात ते ज्या कायद्याने, त्या सरफेसी कायद्यात असं आहे की साठ दिवसांच्या नोटिशीवर कर्जदाराने हरकत कळवली, तर बँकेने तिचा विचार करायचा आणि मान्य नसेल तर कारणं देऊन १५ दिवसांत उत्तर पाठवायचं. मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात २००४ साली सुप्रीम कोर्टाने कारणं कळवलीच पाहिजेत असं सांगितलं आणि मग ते कायद्यात आलं. तुमचं पत्र बँकेला ५ मार्चला मिळालं, पावतीवर शिक्का आहे. २० मार्च उलटून गेली आणि त्यांनी सरळ दाराला नोटीस लावली. चौतीस वर्षं जीपीओत लोकांच्या पोचपावत्या सांभाळलेला माणूस आपली पावती टाकून देणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

मुद्दा चांगला आहे, पण तेवढ्याने खटला जिंकलो असं वकीलबाई म्हणत नाहीत, आणि मीही तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. अर्ज दाखल केला म्हणून बँकेची कारवाई आपोआप थांबत नाही. स्टे मागावा लागतो. स्टे देताना बहुतेक वेळा काही रक्कम भरायला सांगतात. सावंतकाका म्हणत होते तसं दिवाणी कोर्टात जाता येत नाही, ती वाट ह्या प्रकरणात कायद्यानेच बंद आहे. काकांना सांगा, नाराज होऊ नका म्हणावं.

पैशाचं सांगते. इथे तुम्ही पत्र खाली ठेवाल हे मला ठाऊक आहे, तर ठेवू नका. मी माझी साडेपाच लाखांची मुदत ठेव मोडली आहे. माझी, रेवाच्या नावाची नाही. रेवाच्या बाबांना विचारून मोडली आणि ते "इतके दिवस का थांबलीस" म्हणाले. आई, पाटल्या विकल्या नाहीत, गहाण नाहीत, लॉकरमध्ये आहेत. लेकीचा पैसा घ्यायचा नाही हे तुमचं तत्त्व मी आजवर पाळलं, बाबा. दिवाळीला तुमच्यासाठी स्वेटर आणला तरी तुम्ही भाऊबीजेच्या पाकिटात त्याचे पैसे परत घातलेत, तेही गुपचूप घेतले. पण ह्या वेळी हिशेब वेगळा आहे. २०१९ साली बाळूच्या वर्कशॉपसाठी घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज घेताना बँकेत तुमच्या शेजारी मी बसले होते. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागांवर बोट ठेवून "बाबा, इथे, आई, तू इथे" असं मी सांगत होते. तुम्ही विचारलंत, "वाचायचं का एकदा?" आणि मी म्हणाले, "सगळे असंच करतात." तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून बत्तीस सह्या केल्यात. ते बोट माझं होतं. तेव्हा हे पैसे लेकीचे समजू नका.

बाळूला काही बोलू नका. तो दोन लेथ विकतोय, भांडुपचा गाळा सोडतोय. तुमच्यासमोर यायला त्याला जमत नाहीये, एवढंच. लॉकडाउनमध्ये हप्ते पुढे ढकलले तेव्हा व्याज चढत राहिलं, हे त्याला कुणी समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याचे आणि माझे मिळून बँकेपुढे ठेवायला बरी रक्कम होते. लिलावाची नोटीस छापून येईपर्यंत बँकेचं सगळं देणं आणि खर्च भरून घर सोडवून घेता येतं. ती छापून आली की तो हक्क जातो, म्हणून घाई करतेय. आणि नाहीच जमलं, तर घर आपणच चांगल्या भावाने विकू, पण बँकेची लेखी परवानगी घेऊन. साठ दिवसांची नोटीस आल्यावर त्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुणी दलाल "मी बघतो" म्हणत आला तर त्याला कागद दाखवू नका. काही झालं तरी तुम्ही दोघं माझ्याजवळ असाल, आईला संडासाला पायऱ्या उतराव्या लागणार नाहीत, आणि खिडकीत तुळस राहील एवढी जागा मी पाहून ठेवली आहे. पण ती वेळ आज आलेली नाही. आज तुमचं घर कन्नमवार नगरातच आहे.

आता मी सांगते तसं करायचं.

दोघांनी एकदम घर बंद करून कुठेही जायचं नाही. यंदा गणपतीला गावी नको. मला माहीत आहे आई, तिथला मान आपला आहे. बाळू जाईल, तू इथून मोदक पाठव. बाबा दवाखान्यात गेले तर तू घरी, तू गेलीस तर बाबा घरी, आणि दोघांना जायचं असेल तर मला आदल्या रात्री सांगायचं, मी येईन. बेल वाजली तर आधी साखळी लावून विचारायचं, ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र बघायचं, फोटो काढून मला पाठवायचा. फोटो पाठवायचं रेवाने शिकवलंय. कोर्टाचा आदेश घेऊन पोलिसांसोबत कुणी आलं तर भांडायचं नाही, दार अडवायचं नाही, लगेच मला आणि वकीलबाईंना फोन. पोस्टमन पत्र घेऊन आला तर परत पाठवायचं नाही. हे तुम्हाला मी काय सांगावं, पण मे महिन्यात तुम्ही एक रजिस्टर परत पाठवलंत, म्हणून सांगते. मेंटेनन्स आणि लाइट बिल माझ्या खात्यातून जाईल. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून आईच्या कपाटात ठेवा.

वकीलबाईंची फी पडत नाही. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आई, तुझ्या नावामुळे हे झालं. "माझं नाव कशाला घातलं घरावर" म्हणून तू बाबांशी भांडली होतीस, ते आठवतंय?

बाबा, २००५ च्या पुरात, सव्वीस जुलैला तुम्ही मला घाटकोपरला कॉलेजवर न्यायला आलात. कमरेइतकं पाणी, लाइट गेलेले. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "पाय उचलून टाकू नको, जमिनीवर घासत ये, मॅनहोल उघडी असतील." विक्रोळीपर्यंत मी एक शब्द विचारला नाही, किती राहिलं म्हणून नाही, रस्ता माहीत आहे का म्हणूनही नाही. आता थोडे दिवस तुम्ही माझ्यासोबत तसे चला.

४ ऑगस्टला पहिली तारीख आहे, कुलाब्याला. आईने यायची गरज नाही, गुडघे सांभाळ. पण तुम्ही यावं असं मला वाटतं. सीएसएमटीला उतरलो की जीपीओवरूनच पुढे जाऊ. पोचपावती तुम्हीच जवळ ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाऊस असेल.

तुमची,
छकुली

ता. क. आई, बाबांची बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही. डबीवर मी चिकटपट्टी लावून लिहिलंय. आणि दारावरचा डाग घासत बसू नकोस, रविवारी मी येऊन काढते.