दत्तूला पत्र: पुंगळ्या, लोकरीची चरबी आणि अर्धी गुंज

बॅलरॅट, व्हिक्टोरिया
१२ जुलै

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजात होतो. "काडतुसं भरतोय" म्हणालो आणि तू जो गप्प झालास, त्यासाठी हे पत्र. वहिनींनाही वाचून दाखव, नाहीतर हुपरीभर भलतंच पसरायचं.

आधी एक घोळ मिटवतो. ही काडतुसं फॉक्स मारायला. पण मी फॉक्स म्हटलं की तू कोल्हा समजतोस. हा कोल्हा नव्हे, खोकड. आपल्या माळावरच्या खोकडाचा थोराड, तांबडा भाऊ. मूळचा इथला नव्हेच. एकोणिसाव्या शतकात साहेबानं शिकारीच्या हौसेपायी आणून सोडला, आणि आता उत्तरेचा उष्ण पट्टा वगळला तर खंडभर पसरलाय. इथे सध्या कडाक्याची थंडी, मेंढ्या विण्याचे दिवस, म्हणजे त्याची चंगळ. आपल्याकडे धनगरांचा तळ पडला की कोकरांभोवती माणसं नि कुत्री असायची. इथे शेकडो मेंढ्यांमागे एक म्हातारा आणि एक कुत्रं. शेजारच्या म्हाताऱ्याकडे एक कोकरू सकाळी जिवंत सापडलं, पण जीभ कुरतडलेली. ते बघितलं आणि म्हाताऱ्यासोबत रात्री शिकारीला जायला लागलो. सरकारनं २०११ पासून खोकडावर बक्षीसही लावलंय, पण त्यात पेट्रोलसुद्धा सुटत नाही.

परवाना रीतसर आहे, बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, दोन्हींना कुलूप. घरी काडतूस भरणं इथे लोकांचा छंद आहे. तू मात्र उत्साहात येऊ नकोस. तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा, दोन्ही एकदम मानगुटीवर बसतील.

माझी रायफल पॉइंट टू टू थ्री, म्हणजे तिच्या काडतुसाच्या मापाचं नाव. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, बुडातली ठिणगी पाडणारी टोपी फुटते, पण पितळेची पुंगळी राहते. महाग वस्तू तीच, आणि ती पुन्हा पुन्हा भरता येते. तरी पैसे वाचतात म्हणून यात पडू नये. प्रेस, डाय, काटा, मापकं घेताना खिसा चांगलाच हलका झाला. खरं कारण हे, की प्रत्येक नळीचा एक स्वभाव असतो. कारखान्याचं काडतूस सगळ्यांसाठी असतं, घरचं आपल्या एकट्या रायफलीसाठी.

पहिल्याच दिवशी मी हात दाखवून अवलक्षण केलं. उडालेली पुंगळी फुगलेली असते. डायमध्ये दाबून ती मापात आणायची, आणि त्याआधी अंगाला वंगण लावायचं. मला वाटलं, एवढीशी वस्तू, पुसटसं लावलं तरी पुरे. अर्ध्यात दांडा जड झाला, मी आणखी जोर लावला, आणि पुंगळी आत अशी रुतली की परत ओढताना बुडाची कड उपटून आली. मी, एकवीस वर्षं फिटर! बुडाला भोक पाडून, आटे काढून, बोल्टनं खेचून ती बाहेर काढली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मग घाबरून एवढं वंगण चोपडलं की पुढच्या चार पुंगळ्यांच्या खांद्यांवर, जिथे त्या निमुळत्या होतात तिथे, पोचे पडले. हे वंगण म्हणजे लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीची चरबी. सत्तावन साली काडतुसाच्या चरबीवरून केवढं रामायण झालं, आणि इथे मी ती मेंढी वाचवायला तिचीच चरबी लावत बसलोय.

पुंगळी दर बारागणिक लांबत जाते. ४४.७० मिलिमीटरच्या वर गेली की कापायची. मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, पुन्हा पुन्हा दबून कडक होते आणि एक दिवस उभी चिरते. म्हणून मानेला ताव द्यायचा. हे वाचलं आणि तूच आठवलास. ठोकून ठोकून चांदी कडक झाली की तू कसा हलका ताव देतोस, अगदी तसं.

दारू मुलवाला गावच्या कारखान्यातली, मरे नदीकाठी आहे तो. माझ्या डब्यावर एआर २२०८ लिहिलंय. अमेरिकेत हीच व्हारगेट नावानं विकतात. मोजायची ग्रेनमध्ये. एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, म्हणजे तुझी जेमतेम अर्धी गुंज! गोळी ५५ ग्रेनची, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. दारू किती घालायची ते पुस्तकात दिलेलं असतं, किमान आणि कमाल. सुरुवात किमानापासून करायची, कमालीकडे सावकाश सरकायचं. इथे अंदाजपंचे चालत नाही, दाब वाढला तर रायफल तोंडावर फुटते. टेबलावर दारूचा एका वेळी एकच डबा, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायचं, चुकून दोनदा तर भरली नाही ना. फोन बाहेर, रेडिओ बंद. तुझा फोन घेतला तोही हातातलं खाली ठेवून.

इलेक्ट्रॉनिक काट्यानं मात्र छळलं. आकडा एका जागी ठरेचना. तीन दिवसांनी उमगलं, पायाजवळच्या हीटरचा वारा लागत होता. तुझ्या दुकानात काटा काचेच्या पेटीत का असतो, हे विचारायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पहिली पाच काडतुसं शंभर मीटरवर उडवली. पाचही भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली. हसू नकोस. आता ती वाटीच्या बुडाएवढ्या जागेत बसतात.

मग रात्री. दोन फुकट गेल्या. तिसऱ्या रात्री म्हाताऱ्यानं जखमी सशासारखी शिट्टी वाजवली आणि कुंपणाच्या टोकाला दोन डोळे चमकले. पण मागे टेकाड नव्हतं, मोकळं होतं, पलीकडे मेंढ्या. त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. थांबलो. दहा मिनिटांनी खोकड ओढ्याच्या काठाखाली उतरला, मागे मातीची दरड आली, तेव्हा एकच बार. जागेवर आडवा. देखणं जनावर रे, शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. आनंद वगैरे काही झाला नाही, खरं सांगतो. दहिवरलेल्या गवतात हात घालून पुंगळी शोधली. अजून कोमट होती, ती खिशात टाकली.

आता काम. तुझ्या माळ्यावर वडिलांचा जुना पितळी काटा आहे ना, छोट्या वजनांचा? विकला नसशील तर दिवाळीला येतो तेव्हा मला दे. इलेक्ट्रॉनिकवर माझा आता भरवसा उरला नाही. आणि त्याच्या एका पारड्याची दोरी तुटली होती, ती आधी बांधून ठेव.

तुझा,
बाळू