तंबाखूचा पैसा भलतीकडे का?

संपादक साहेब, माझे मामा तोंडाच्या कॅन्सरने गेले, शेवटी शेवटी आम्ही नळीतून पेज भरवायचो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेत १९९८ ला ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी सेटलमेंट केली, कंपन्यांनी राज्यांना २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर द्यायचे, केस होती आजाऱ्यांच्या उपचाराचा खर्च वसूल करायची, पण पैसा आरोग्यावरच लावा अशी अटच करारात नाही! मग काय, कुणी बजेटचे खड्डे बुजवले, आमच्या न्यू जर्सीने तर पुढचे हप्ते बाँड (कर्जरोखे) काढून आधीच विकले, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशावर आजच रोकड उचलली. फ्लोरिडा या ४६ मध्ये नाही, त्यांची सेटलमेंट १९९७ ची वेगळी, पण तिथल्या लोकांनी मात्र २००६ ला मतदान करून त्या पैशातला तंबाखूविरोधी कामाचा वाटा राज्यघटनेतच बांधून घेतला, तसं इतर राज्यांनीही करावं.

- एक वाचक, न्यू जर्सी