सागरी कर्ज ही निव्वळ सावकारी नव्हती

महोदय,

विम्याच्या इतिहासावरील रविवारच्या लेखात, प्राचीन अथेन्समध्ये जहाज किंवा माल तारण ठेवून सफरीसाठी दिल्या जाणाऱ्या कर्जांना 'लुटारू सावकारी' म्हटले आहे, ते पटले नाही. जहाज बुडाले की सावकाराचे मुद्दलही बुडे आणि कर्जदार मोकळा होई. म्हणजे त्या व्याजात विम्याचा हप्ताच मिसळलेला असे. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याच्या नावावरील एका भाषणात असा करार आला आहे: तारण मेंडे येथील द्राक्षमद्याचे ३००० रांजण, व्याज हजारी २२५ द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी), मात्र काळ्या समुद्रातून परतताना स्वातीचा उदय (तिकडे तो सप्टेंबरात, वादळांच्या तोंडावर) उलटून गेला, तर ३००. नुसत्या लुटारूला नक्षत्रे कशाला पाहावी लागतील? पुढे इ.स. ५२८ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियननेही सर्वसाधारण कर्जाला सहा, तर सागरी कर्जाला बारा टक्क्यांपर्यंत व्याजाची मुभा दिली.

– एक वाचक, रत्नागिरी