वाघबीळच्या उतारावरचा कचरा

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना वाघबीळ घाटात रस्त्याच्या कडेला रातोरात कचऱ्याच्या ट्रॉल्या रिकाम्या केल्या जातात. गेल्या रविवारी तिथे फुटक्या फरशा, सिमेंटची रिकामी पोती आणि कुठल्याशा जेवणावळीतील थर्माकोलच्या ताटांचा ढीग होता, आणि त्यातून एक गाय शिळा भात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ओढून खात होती. ते पाहवले नाही.

उघड्यावर कचरा टाकण्यास, जाळण्यास वा पुरण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली आणि २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तरीही पाऊस लागला की हा कचरा ओढ्यांत उतरून मोऱ्या तुंबवतो, शेतात शिरतो आणि अखेर पंचगंगेला मिळतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या जिल्ह्याला हे परवडणारे नाही.

शहराची हद्द संपली की जबाबदारीही संपते, असेच जणू सर्वांनी ठरवले आहे. घरदुरुस्तीचा राडारोडा माफक शुल्कात स्वीकारणारी जागा हद्दीलगतच्या प्रत्येक मार्गावर असावी, तिचा फलक ठळक लावावा आणि रात्री ट्रॉली रिकामी करणाऱ्याकडून दंडासोबत तो ढीग उचलण्याचा खर्चही वसूल करावा, ही प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर