पार्सलसोबतचं पत्र

अमरावती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पार्सल आजच कुरिअरला दिलं. दोन-तीन दिवसांत पुण्याला पोचायला हरकत नाही. तू मागितल्या होत्या कादंबऱ्या. "चार चांगल्या कादंबऱ्या पाठव, कविता मला कळत नाहीत, नाटक ही बघायची गोष्ट आहे आणि आत्मचरित्र म्हणजे स्वतःच स्वतःला ओवाळून घेणं," असं तू फोनवर म्हणालास. पार्सल उघडशील तेव्हा कादंबरी एकच निघेल. बाकी नाटक आहे, कवितांची दोन पुस्तकं आहेत, एक आत्मचरित्र आहे आणि एक जुनं प्रवासवर्णन. रागावू नकोस. हे मी मुद्दाम केलंय आणि का, तेच सांगायला हे पत्र लिहितोय.

त्याच फोनवर तू आणखी एक बोलला होतास. काका गेल्यावर काकूंनी घर कसं ओढलं, त्याबद्दल काहीतरी लिहून ठेवावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून पुस्तकं निवडताना मी तेवढंच बघितलं: जिच्या जिवावर घर उभं राहतं त्या बाईकडे आपल्या लोकांनी कसकसं पाहिलंय. एकट्या कादंबरीत ती बाई मावत नाही रे. काही नाटकात सापडते, काही कवितेत, आणि काही तर तिने स्वतः लिहिलं तरच.

सुरुवात 'धग'पासून कर. उद्धव शेळक्यांची, १९६० सालची. मुलूख आपलाच, बोली आपलीच, त्यामुळे तुला परकं काहीच वाटणार नाही. शिंप्याचं घर. नवरा महादेव, बायको कौतिक, मुलं भीमा, यसोदी आणि नामा. महादेव वाईट माणूस नाही, आणि तेच खरं दुखणं आहे. वाईट असता तर कौतिक त्याच्याशी भांडून मोकळी तरी झाली असती. तो कच खातो. ऐन वेळी हातपाय गाळतो. पुढे त्याला महारोग होतो आणि उरलंसुरलं सगळं कौतिकवर येऊन पडतं. तिचा डोळा नामावर. हा शिकला तर आपण यातून वर येऊ, एवढ्या एका आशेवर ती पुढचा दिवस रेटते.

शेळके कुठेही थांबून "बघा, ही किती सोसते" असं म्हणत नाहीत. एक अडचण निस्तरली की दुसरी दारात उभी, आणि कौतिक पुन्हा पदर खोचून उठलेली. वाचताना आपणच दमतो. वर्षं कशी सरकतात, माणूस रोज थोडं थोडं कसं झिजतं, हे दाखवायला कादंबरीसारखं दुसरं काही नाही, हे मला कबूल आहे. संवाद वऱ्हाडीत आहेत. पुण्यात राहून तुझ्या पोरांच्या कानावरून ती बोली गेलीच असेल, तर त्यांनाही दोन पानं वाचून दाखव.

पण कौतिक स्वतः लिहीत नाही. तिला काय वाटलं ते शेळके सांगतात, आणि ती आतल्या आत कशाला हसली असेल ते आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून त्याच्या लगेच नंतर 'स्मृतिचित्रे' हातात घे. आत्मचरित्राविषयीचं तुझं मत या एका पुस्तकासाठी बाजूला ठेव, एवढं माझ्यासाठी कर.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, माहेर नाशिकजवळचं जलालपूर. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं. वस्तू धुऊन घ्यायच्या, माणसं धुऊन घ्यायची, शिवाशिवीचा धाक अष्टौप्रहर, आणि त्यात सगळं घर पिळून निघालेलं. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा तू हसशील, आणि हसता हसता एकदम लक्षात येईल की त्या माऊलीचे, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईचे, किती हाल झाले असतील. दुःख सांगण्याची अशी पद्धत मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिली नाही.

पुढे लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. माणूस मोठा कवी, मन लोण्याचं, पण डोक्यात काही आलं की निघाला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. इकडे बायको कट्टर सोवळ्यातली, पदरात लहानगा दत्तू. त्या काळात यापेक्षा मोठं संकट ब्राह्मण बाईवर काय यायचं? जवळपास पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नवऱ्याकडे गेल्या खऱ्या, पण आपलं सोवळं आणि आपली चूल सांभाळून. आणि मग एक दिवस, कुणी उपदेश केला म्हणून नव्हे, स्वतः बसून विचार केला. जाती कुणी केल्या? देवाने केल्या असतील तर बाई आणि पुरुष या दोनच. झालं, त्यांच्यापुरता प्रश्न सुटला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ती पानं नीट सावकाश वाच. मोठमोठ्या सुधारकांनी ग्रंथ लिहून जे साधलं नाही ते ही बाई पाणी पिण्या न पिण्याच्या प्रश्नावरून एकटीने सोडवते. मला ते मराठीतलं फार मोठं पान वाटतं.

आणि ओवाळून घेणं म्हणशील, तर त्यात औषधालाही नाही. नवऱ्यावर रागावणं, रुसणं, त्याचा अव्यवहारीपणा सगळं लिहिलंय, आणि त्याच्यावरचा जीवही ओळीओळीत आहे. नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहत होते. तो रुसणारा, हळवा, लाडावलेला पोर लक्ष्मीबाईंनी असा रंगवलाय की शाळेत पाठ केलेल्या त्याच्या कविता तुला पुन्हा काढून वाचाव्या वाटतील. पहिला भाग १९३४ मध्ये छापून आला आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. साठी उलटल्यावर छापून आलेलं हे पुस्तक आहे, हे काकूंना आवर्जून सांग.

वर १८५७ चा उल्लेख आला म्हणून पार्सलमध्ये गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' टाकलाय. तुला इतिहासाचं वेड, तुला तो आवडणारच, त्यामुळे फार सांगत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे; घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज, म्हणून उत्तरेत यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, या आशेने काकांबरोबर निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. मिळवलेलं लुटलं गेलं, पण गंगेची कावड खांद्यावरून वरसईला आणली आणि आईवडिलांना स्नान घातलं. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं. रणांगणावरचा १८५७ इथे वाच, आणि तोच १८५७ लक्ष्मीबाईंच्या माजघरात शिरून काय करतो ते तिथे वाच. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय मला तरी त्या सालाचा पुरता अंदाज आला नसता.

आता नाटक. 'वाडा चिरेबंदी' तू पाहिलेलं नाहीस हे मला माहीत आहे. महेश एलकुंचवारांचं, ते मूळ यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, म्हणजे इथेही आपलाच मुलूख. १९८५ मध्ये विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून एलकुंचवारांनी तीन नाटकांची साखळी पुरी केली. तुझ्यासाठी पहिलंच पाठवलंय. ते संपल्यावर पुढची दोन तू स्वतःहून मागशील.

धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. घरातला कर्ता म्हातारा गेलाय, तेरवी व्हायची आहे, मुंबईचा मुलगा-सून आलेत. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा. आत अंधारात पडलेली दादी मधूनच गेलेल्या मुलाला हाक मारून किती वाजले म्हणून विचारते. नाटकभर विचारत राहते. वाचताना सुरुवातीला तिकडे लक्ष जात नाही. नंतर नंतर तो आवाज आला की पोटात गोळा येतो.

त्या वाड्यातल्या बायका बघ. आई सगळं जाणते आणि गप्प राहते. घरच्या लेकीला, प्रभाला, शिकायचं होतं, तिला शिकू दिलं नाही, आणि ते तिच्या प्रत्येक वाक्यातून बाहेर पडतं. वहिनी, म्हणजे थोरल्या भास्करची बायको, रांधा-वाढा-उष्टी काढा यात बुडालेली. आणि मग रात्री एका प्रवेशात ही वहिनी घरातलं सगळं पिढीजात सोनं अंगावर चढवते. दिवसभर चुलीपुढे राबणारी, घामेजली बाई, आणि अंगावर खानदानाचे दागिने. नवरा बघत राहतो. कादंबरीकाराला इथे तिच्या मनात काय चाललंय ते दोन पानं लिहावं लागलं असतं. नाटककार फक्त दागिने घालायला लावतो आणि बाजूला होतो. तिची हौस, तिचा अधिकार, आणि हे सोनं लबाडीने दाबून ठेवलंय ही बोच, हे सगळं त्या उभं राहण्यात आहे.

म्हणून नाटक बघायचीच गोष्ट आहे हे तुझं म्हणणं मला पटत नाही. एक कर. रविवारी जेवणं झाली की घरात भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. भास्कर तू हो, वहिनी वहिनींनाच दे, त्यांची लेक रंजू मुलीला. दादी काकूंना द्यायची की नाही ते तूच ठरव. मी असतो तर दिली असती. रंगसूचना गाळू नका, त्याही वाचा.

कवितेबद्दल आता. "कळत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला मी अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' पाठवतोय, कारण तू गोष्टी आवडीने वाचतोस आणि या वहीत गोष्टीच गोष्टी आहेत. चांगलं जाडजूड पुस्तक आहे. २००३ मध्ये अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढलं, पुढच्या वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले, आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला. नाव वाचताच इंद्रायणीत बुडालेल्या तुकोबांच्या वह्या आठवतात. आत आहेत जगभरच्या, सगळ्या काळांतल्या रडलेल्या बायका. इजिप्तची इसिस, ट्रॉयची कसांड्रा, अलेक्झांड्रियाची हिपेशिया. पहिल्यापासून ओळीने वाचू नकोस, थकशील. एका बैठकीत एकच बाई घे. नादेझ्दा आधी वाच. ही रशियन कवी ओसिप मांदेलश्ताम यांची बायको. स्टालिनच्या काळात नवरा छळछावणीच्या वाटेवर मेला. कागदावर कविता ठेवणं म्हणजे मरण ओढवून घेणं, म्हणून तिने त्या तोंडपाठ करून वर्षानुवर्षं जपल्या. तिची ओळख एवढी असली की कविता कळते. कोलटकरांनी या सगळ्यांना आपल्या साध्या बोलत्या मराठीत आणून बसवलंय, शेजारच्या ओसरीवर बसाव्यात तसं.

नादेझ्दाकडे कागद होता, पण धोक्याचा. आपल्या बहिणाबाईंना लिहिणं-वाचणंच येत नव्हतं. 'बहिणाबाईंची गाणी' मी काकूंसाठी म्हणून शेवटी ठेवलंय, कारण काकू जळगावकडच्या. आसोद्याची ही लेक, जळगावला चौधऱ्यांच्या घरी दिलेली, ऐन तिशीच्या सुमारास नवरा गेला. जात्यावर आणि शेतात जे सुचे ते म्हणायचं. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्या भावकीतल्या पोराने त्यातलं काही टिपून ठेवलं म्हणून उरलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आपली एकही ओळ छापलेली त्या माऊलीने पाहिली नाही.

एक गाणं दाखवतो. नवरा गेल्यावरचं आहे. कर्माची रेषा कपाळावर कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसलं तशी ती उघडी पडली, असं त्या म्हणतात. आणि शेवटी दारात आलेल्या ज्योतिष्याला परत पाठवतात: माझं दैव मला कळतं, तू माझा हात पाहू नकोस. 'धग'मधली कौतिक अख्ख्या कादंबरीत जे सोसते आणि वाड्यातली आई जे गिळून बसते, ते इथे चार ओळींत उभं आहे. शिवाय ते बोलणारी तीच आहे, दुसरं कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. कविता कळत नाही असं हे वाचून म्हणालास तर मी वाद घालणार नाही, पण आधी ते काकूंच्या तोंडून ऐक. 'माले', 'कये', 'तयहात' हे जसं त्यांच्या तोंडी येईल तसं तुझ्यामाझ्या येणार नाही.

आता तुझ्या लिहिण्याचं. कुठून सुरुवात करू म्हणतोस. माझं ऐकशील तर स्वतःकडून करू नकोस. आपण दहावीला असताना तुझ्या घरी अभ्यासाला यायचो तेव्हा काकू दळण निवडता निवडता ओव्या म्हणायच्या, त्यातल्या काही माहेरच्या होत्या, काही त्यांनी स्वतः जुळवलेल्या. आपण तेव्हा कान दिला नाही. एक दोनशे पानी वही आण, काकूंशेजारी बस, आणि आठवतील तशा उतरवून घे. शुद्धलेखन सुधारू नकोस. कुठली ओवी कधीची, काकांच्या आधीची की नंतरची, एवढं फक्त बाजूला विचारून लिही. दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, नाहीतर मीच पुण्याला येतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र