एक जानेवारीच्या आधी आपण आलात

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मागील महिन्यात जीएनएमचा, म्हणजे परिचारिकेच्या पदविकेचा, अंतिम निकाल लागला आणि परिचारिका म्हणून नोंदणी करण्यासाठी मी अर्ज भरला. अर्जासोबतच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना ध्यानात आले की त्यातील बहुतेक कागद आपण माझ्यासाठी मिळवलेले आहेत. हे पत्र लिहायचे तेव्हाच ठरवले.

माझी जन्मतारीख 1 जानेवारी आहे. मला बालगृहात आणले तेव्हा वैद्यकीय तपासणीवरून वयाचा अंदाज बांधून, निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीने ती नोंदवली होती. त्या अंदाजाच्या तारखेलाच मी अठरा वर्षांची होणार होते आणि बारावीची बोर्डाची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. ‘अठरा झाली की निघायचे’ हे आम्ही मुली लहानपणापासून ऐकत होतो. कुठे, हे कोणी सांगत नसे. मी पिशवीत कपडे भरून पाहिले होते, किती मावतात ते.

परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलांच्या पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या अधिकारी, म्हणून आपण जून महिन्यातच माझी फाइल उघडलीत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 नुसार संस्था सोडणाऱ्या मुलांना अनुरक्षणाचा, म्हणजे बाहेर पडल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतच्या मदतीचा, आधार मिळतो, तो एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे मिळू शकतो, हे आपण मला समोर बसवून समजावलेत. त्याआधी ‘अनुरक्षण’ हा शब्दही मी ऐकला नव्हता. अनुरक्षणगृहातील प्रवेशाचा समितीचा आदेश डिसेंबरमध्येच हातात पडला आणि मी परीक्षेला माझ्याच वह्यापुस्तकांसह, एका निश्चित पत्त्यावरून गेले.

अनाथ प्रमाणपत्राचे काम याहून अवघड होते. राज्य शासनाने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत 1 टक्का आरक्षण दिले, परंतु महिला व बाल विकासच्या विभागीय उपायुक्तांच्या सहीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याचा काही उपयोग होत नाही. एका महाविद्यालयाच्या खिडकीवर वडिलांचे नाव आणि जातीचा दाखला मागून मला परत पाठवले, तेव्हा मी आपल्याला फोनवर नीट बोलूही शकले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपण स्वतः सोबत आलात, रांगेत उभ्या राहिलात आणि ‘पालक’ या रकान्यापुढे काय लिहायचे ते तिथल्या लिपिकांना शांतपणे सांगितलेत. माझ्यासाठी कोणी रांगेत उभे राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेतून दरमहा 4,000 रुपये माझ्या स्वतःच्या बँक खात्यात येऊ लागले. त्यातून मेस, पुस्तके आणि गणवेश भागला. तिसऱ्या वर्षी मी एकवीस पूर्ण केली तेव्हा शिक्षणाचे काही महिने उरले होते. अनुरक्षणाच्या मुदतवाढीचा प्रस्ताव आपण मी विचारण्याआधीच पाठवला होता. या तरतुदी सर्वांसाठीच आहेत. तरीही माझ्या बरोबरीच्या, इतर संस्थांतून बाहेर पडलेल्या काही मुलींपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत, आणि त्या आज कुठे आहेत हे मला माहीत नाही. म्हणून आपले ऋण मला अधिकच जाणवते.

आपल्या बालगृहात दोघी मुली यंदा अठरा पूर्ण करणार आहेत असे अधीक्षक मॅडमकडून कळले. अधीक्षक मॅडमची परवानगी घेतली आहे. येत्या रविवारी माझी फाइल घेऊन मी त्या दोघींकडे जाणार आहे. आपणही यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
बालगृहाची माजी विद्यार्थिनी